दोरीच्या अलीकडे आम्ही बसणारच

शालेय कुस्तीचा हंगाम सुरू झाला की दरवर्षी एक मत हमखास डोकं वर काढतं. पालकांना हॉलच्या बाहेर ठेवा. सकाळी पोराला सोडा, हातात डबा द्या आणि संध्याकाळी न्यायला या. असं म्हणणारी माणसं वाईट नाहीत. त्यांत स्वतःच्या खिशातून पोरांचं गाडीभाडं भरणारे क्रीडाशिक्षक आहेत, उभं आयुष्य मातीत घालवलेले वस्ताद आहेत, दिवसभर लोकांचं ऐकून घसा आणि मन दोन्ही बसलेले पंच आहेत. नागपुरात हे मत कोणत्या शब्दांत ऐकू येतं तेही सांगते : "कायले येता जी मॅटपाशी? पोट्टं तुमाले पाहून बिचकते ना."

माझी मुलगी १७ वर्षांखालच्या गटात खेळते, म्हणजे या वादात मी तटस्थ नाही. पण या मंडळींच्या तक्रारी बहुतेक खऱ्या आहेत हे मला आधीच सांगून टाकायचं आहे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र मला मान्य नाही.

तक्रारींपासूनच सुरुवात करू. मॅटच्या कडेला उभा राहणारा बाप मी पुष्कळदा पाहिला आहे. जन्मात कधी लंगोट बांधलेला नसतो, पण दम असा की खुद्द वस्तादांनी मागे सरकावं. "पट काढ, पट काढ!" तो ओरडतो तेव्हा समोरच्या पोराचा हात याच्या पोराच्या मानेवर असतो, आणि आता पटात शिरायला वाकलं की सरळ तोंडावर जाणार, हे मॅटवरच्या दोघांनाही कळत असतं. बापाला तेवढं कळत नाही. गुण गेला की पंचाकडे बोट. कुस्ती हरली की गाडीवर मागे बसलेल्या पोराला घर येईपर्यंत व्याख्यान. आया यात मागे आहेत असं कोणी समजू नये. या वयात कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. चार मिनिटं तोंड मिटून बसणं ज्याला जमत नाही त्याने पोराकडून संयमाची अपेक्षा ठेवू नये, हे वस्तादांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. अमेरिकेत शाळांच्या सामन्यांना पंच मिळेनासे झाले आहेत, आणि पंचगिरी सोडून जाणाऱ्यांच्या कारणांत पालकांचं वागणं अगदी वरच्या क्रमांकावर आहे. म्हणजे हा रोग फक्त आपल्या मातीतला नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे आणि ती सहसा दबक्या आवाजात होते. वयाचे खोटे दाखले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय कुस्ती महासंघाने बनावट जन्मदाखल्यांवरून ११ कुस्तीगीरांना निलंबित केलं. असा दाखला काही पोरगं एकटं जाऊन काढत नाही. घरचं मोठं माणूस त्यात असतंच असतं. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मोह मोठा आहे आणि त्याला पालक बळी पडतात. आम्ही गंगेत न्हालेले आहोत असा माझा दावा नाही.

मग आम्हाला बाहेर काढल्यावर आत कोण उरतं ते पाहू. शाळा उरते. तिला फाटकावर लावायच्या फलकासाठी नाव आणि पदक हवं असतं. मार्गदर्शक उरतो. त्याच्या आखाड्यात पुढच्या वर्षी किती पोरं येणार हे यंदाच्या पदकांवर ठरतं. आयोजक उरतात. त्यांना सगळे वजनगट एका दिवसात उरकायचे असतात, कारण हॉल उद्या दुसऱ्या खेळाला दिलेला असतो. यांपैकी कोणीही खलनायक नाही, पण प्रत्येकाला काहीतरी साधायचं आहे, आणि पोराने आज खेळू नये हे सांगण्यात यांपैकी एकाचाही फायदा नाही. आम्हालाही मोह आहेत, ते मी वर कबूल केलेच. तरी रात्री अडीच वाजता पोराच्या पोटऱ्यांत गोळे येतात तेव्हा उठून पाय चोळणारा माणूस घरातलाच असतो, त्यामुळे आमच्या मोहाला निदान एक लगाम आहे.

सगळ्यात जास्त बोलायला हवं ते वजनाबद्दल, आणि नेमकं त्याबद्दलच कोणी बोलत नाही.

कुस्ती मॅटवर सुरू होते असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वजनाच्या सकाळी लवकर यावं. जागतिक कुस्ती संघटनेच्या १७ वर्षांखालच्या मुलांच्या गटांत ४८ किलोनंतर थेट ५१ येतो, मग ५५, मग ६०. एखाद्या पोराचं वजन साडेएकोणपन्नास भरलं तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, ५१ च्या गटात जाऊन स्वतःहून भारी पोरांशी भिडायचं. दुसरी, दीड किलो तोडायचं. वाढत्या वयाच्या पोराला पहिली वाट दाखवणारे वस्ताद मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण दुसरी वाट जास्त रुळलेली आहे. एका स्पर्धेच्या ठिकाणी ऑक्टोबरच्या उन्हात रेनकोट घालून मैदानाला चकरा मारणारी पोरं मी पाहिली. आदल्या दुपारपासून पाणी बंद. तोंडात च्युइंगम, आणि लाळ गिळायची नाही, थुंकायची. नागपूरचा ऑक्टोबर कसा असतो हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

याला आखाड्यात कोणी गुन्हा समजत नाही. उलट त्यात एक मर्दानगी आहे, आणि ती आता वर्तमानपत्रांतूनही मिळते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या लढतीआधी सुमारे दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवल्याची बातमी आली. देशभर कौतुक झालं. त्याच्या चिवटपणाबद्दल मलाही कौतुक आहे. पण ती बातमी आमच्या पोट्ट्यांनीही वाचली, आणि त्यांनी त्यातून काय घेतलं? एकवीस वर्षांच्या, मागे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ असलेल्या ऑलिंपिक मल्लाने जे केलं ते आठवीतल्या पोराला सहज जमायला हवं. याच ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोच्या काट्यावर १०० ग्रॅमने जास्त भरली आणि बाहेर गेली. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत अमन स्वतः १.७ किलो जास्त भरला आणि एकही कुस्ती न खेळता परत आला. महासंघाने त्याच्यावर वर्षाची बंदी घातली, नंतर ती मागे घेतली. इतका मोठा ताफा पाठीशी असलेल्यांची ही गत, तर जिथे ताफा म्हणजे एक पीटीचे सर आणि ग्लुकोजचा डबा, तिथे काय होत असेल?

अमेरिकेत काय झालं ते माहीत असायला हवं. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेमतेम महिन्याभरात, तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांतले तीन कुस्तीगीर वजन उतरवताना मरण पावले. रबराचे सूट, तापवलेली खोली, पाणी बंद. तिघेही तरणीताठी पोरं. त्यानंतर तिथे आधी महाविद्यालयांचे आणि मग शाळांचे नियम बदलले. २००६ पासून शाळकरी कुस्तीगीराची हंगामाच्या सुरुवातीला लघवी तपासतात, शरीरात पाणी पुरेसं आहे याची खात्री करतात, मग चरबी मोजतात आणि त्यावरून तो खाली खाली किती वजनापर्यंत जाऊ शकतो हे ठरवून टाकतात. मुलांची चरबी ७ टक्क्यांच्या आणि मुलींची १२ टक्क्यांच्या खाली जाईल असा गट घेताच येत नाही. शिवाय आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन उतरवायला परवानगी नाही. ४५ किलोच्या पोराला हा हिशोब लावा. आठवड्याला ६७५ ग्रॅम होतात. आपल्याकडे तेवढं एका दुपारी काढतात आणि वर "अजून पाव राहिला" म्हणतात.

असा नियम आपल्याकडे प्रत्यक्ष अमलात येईपर्यंत पोराच्या शरीरातलं पाणी कोण मोजणार? कोल्हापूरच्या तालमीत राहणाऱ्या पोराची गोष्ट निराळी. तो तिथेच झोपतो, तिथेच जेवतो, त्याचा वस्ताद त्याला चोवीस तास बघतो. आमचा शालेय पैलवान घरी झोपतो. पहाटे आखाडा, मग शाळा, मग शिकवणी, मग संध्याकाळचा सराव. दूध, बदाम, तूप, अंडी, सगळा खुराक घरातून जातो आणि त्याचं बिलही घरातच येतं. दोन दिवस तो ताटावरून अर्धपोटी उठला, लघवीला गडद पिवळी होते, सकाळी उठताना भिंत धरतो, हे वस्तादांना दिसत नाही. दिसणार कसं? तो त्यांच्यासमोर छाती पुढे काढूनच उभा असतो. हे ज्याला दिसतं त्यालाच स्पर्धेच्या दिवशी दारावर अडवायचं, हा कुठला शहाणपणा?

यावर परंपरेचं शस्त्र निघतं. पोरगं एकदा वस्तादाच्या हवाली केलं की बापाने आखाड्याची पायरी चढायची नाही, अशी आपली रीत आहे म्हणतात. कोणाची रीत? खाशाबा जाधवांचं नाव घेतल्याशिवाय महाराष्ट्रात कुस्तीवर बोलता येत नाही, तर त्यांचंच घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. खाशाबा वयाच्या पाचव्या वर्षी मातीत उतरले ते वडिलांचं बोट धरून. वस्ताद नंतर आले. बापाची नजर नडते असं असतं तर १९५२ चं पदक भारतात आलंच नसतं.

त्या पदकाच्या मागची आणखी एक गोष्ट मला या वादात सगळ्यात महत्त्वाची वाटते. हेलसिंकीत बँटमवेट गटात जपानच्या शोहाची इशीबरोबर त्यांची लांबलेली, दमवणारी लढत झाली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद ममदबेकोव्हसमोर उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी असा नियम होता. पण तो नियम पुढे करून "थांबा" म्हणायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं त्या प्रसंगाचं वर्णन कायम केलं जातं. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. इशीला सुवर्ण, ममदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक म्हणून आपण त्याचा गौरव करतो, १५ जानेवारीला त्यांच्या जयंतीचा क्रीडा दिन साजरा करतो. करायलाच हवा. पण त्या दिवशी मॅटपाशी आपलं एक माणूस असतं तर पदकाचा रंग कोणता असता, हा प्रश्न भाषणात कोणी विचारत नाही. तिथे डाव सांगणाऱ्याची गरज नव्हती. खाशाबांना डाव कोण शिकवणार? गरज होती ती घड्याळाकडे बघणाऱ्याची.

शालेय स्पर्धेत अशी वेळ ऑलिंपिकपेक्षा जास्त येते. गट मोठा, मॅट एक किंवा दोन, दुपारी पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस समारंभ ठरलेला. मग एकाच पोराला पाठोपाठ नाव पुकारतात. शाळेचे सर दुसऱ्या मॅटवर दुसऱ्या पोरासोबत असतात, त्यांनी तरी कुठे कुठे धावायचं? अशा वेळी "साहेब, हे लेकरू आत्ताच खेळून आलं, जरा दम खाऊ द्या" एवढं सांगायला एक मोठं माणूस लागतं. पंचांशी भांडायला नको, डाव सांगायला नको.

'दंगल' सिनेमा हाही या वादातला एक लाडका पुरावा आहे. त्यात अंतिम लढतीच्या वेळी प्रशिक्षक बापाला खोलीत कोंडतो आणि मुलगी बापाशिवाय, स्वतःच्या बळावर सुवर्ण जिंकते. बघा, म्हणतात, बाप नसला की पोर जिंकते. मजा अशी की हा प्रसंग पटकथेत बनवलेला आहे. ज्यांच्यावर सिनेमा बेतला त्या महावीर फोगट यांना २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कोणी कोंडलं नव्हतं. त्या वेळचे प्रशिक्षक प्यारा राम सोंधी तर या चित्रणाने चांगलेच दुखावले होते. प्रत्यक्षातली ती अंतिम लढत सिनेमाइतकी थरारकही नव्हती, त्यांच्या मुलीने, गीताने, ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला अगदी एकतर्फी हरवलं. पडद्यावर खोलीला कुलूप लावलं की टाळ्या मिळतात हे खरं, पण त्यावरून शाळांचे नियम ठरवू नयेत. मला त्या सिनेमातल्या बापाचा धाकही पटत नाही हे जाता जाता सांगते. पोरींचे केस कापून त्यांना मातीत ढकलणारा बाप हा आदर्श पालक, आणि त्याला कोंडणारा प्रशिक्षक हा खलनायक, या दोन टोकांच्या मध्ये आम्ही साधी माणसं बसतो. आमच्यावर सिनेमा निघणार नाही.

अमनचं उदाहरण दुसऱ्याही अंगाने देतात. त्याला कुठे होते आईबाप मॅटपाशी? आखाड्यानेच घडवला ना? हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तो लहान असतानाच त्याचे आईवडील दोघेही गेले, म्हणून दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमच्या आखाड्याने त्याला पोटाशी धरलं. त्या आखाड्याचे उपकार मोठेच आहेत. पण एका पोरक्या मुलाच्या नशिबात जे आलं त्याची पद्धत बनवून ज्यांचे आईबाप धडधाकट आहेत त्यांच्यावर ती लादायची?

आता शिस्तीबद्दल. पालकांमुळे कुस्तीची शिस्त बिघडते म्हणणाऱ्यांनी जरा वरच्या मजल्यावर पाहावं. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत निकाल मान्य नाही म्हणून शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली, त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. तो माजी महाराष्ट्र केसरी, कोणाचा शाळकरी पोरगा नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्यात दोन संघटनांनी दोन महाराष्ट्र केसरी घेतल्या, धाराशिवला एक आणि फुलगावला एक, आणि एकाच महिन्यात राज्याला दोन केसरी मिळाले. गदा दोन, संघटना दोन, वाद एकच. हे सगळं करणाऱ्यांत पालक किती होते? ज्यांना आपसातली कुस्ती सोडवता येत नाही त्यांनी आम्हाला हॉलबाहेरच्या बाकावर बसवून शिस्तीचे धडे द्यावेत, हे जरा जास्तच होतं.

मुलींचा विषय वेगळा काढते, कारण त्यात मला गंमत करता येत नाही. २०२३ च्या जानेवारीत जंतरमंतरवर देशाच्या नावाजलेल्या महिला कुस्तीगीर धरण्याला बसल्या. महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर त्यांनी लैंगिक छळाचे आरोप केले. न्यायनिवाडा कोर्ट करेल, त्यात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं की ज्यांच्या गळ्यात जागतिक पदकं होती, ज्यांना देश ओळखत होता, त्यांनाही तोंड उघडायला वर्षं लागली. मग नववीतल्या पोरीने, जिचा प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि वाहनाची सोय करणारा हा एकच पुरुष आहे, तिने कोणाला सांगायचं? पॉक्सो कायद्याने लहान मुलांवरच्या अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याचं बंधन घातलं आहे. पण माहिती असायला आधी तिथे कोणी असावं लागतं. महिला शिक्षिका सोबत असेल तर उत्तम. नसेल तर आई येईल, स्वतःचं तिकीट काढून येईल. "तुमाले पाहावणार नाही ताई, घरीच राहा," असं मला एका भल्या माणसाने सांगितलं. तो काळजीपोटीच बोलला. पण जे मला पाहवणार नाही ते माझ्या पोरीने सोसावं, यात काळजी कुठे आहे?

आणि खरं सांगायचं तर पाहवतं. पाहायला शिकावं लागतं. पहिल्यांदा मान मुरगळलेली दिसली की पोटात खड्डा पडतो. हळूहळू कळतं की पोरीने मान आत घेतली आहे, खांद्याचा पूल केला आहे, ती अडकलेली नाही, वाट बघते आहे. मग हेही कळू लागतं की कोणती पकड खरंच धोक्याची. डबल नेल्सनसारखी मानेवर दोन्ही हातांनी दाब देणारी पकड या लहान वयोगटांत निषिद्ध आहे, कारण कोवळी मान तेवढा दाब सहन करत नाही. हा नियम मी वाचला तो मॅटपाशी बसल्यामुळे. घरी बसले असते तर मला तो कळायचं कारणच नव्हतं. कानाचंही तसंच. मोडलेले कान हा आपल्याकडे पैलवानाचा दागिना. पण कानात रक्त साचल्यावर वेळेत डॉक्टरकडे नेलं तर ते काढता येतं आणि कान वाचतो, उशीर झाला की कूर्चा घट्ट होऊन आकार कायमचा जातो. अमेरिकेतल्या शाळांत कानाचं संरक्षक कवच सक्तीचं आहे, तिथे लढतीआधी पंच पोरांची कातडीही तपासतात, कारण मॅटवरून नायट्यासारखे रोग झपाट्याने पसरतात. आपल्याकडे नायटा झालेलं पोरगं मलम चोपडून खेळतं आणि आठवड्याने अर्ध्या आखाड्याला खाज सुटते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. सकाळी कपडे धुताना ते ज्याच्या नजरेला पडतं त्याच्याकडून ते ऐकून घ्यायची सोय ठेवा, एवढंच म्हणते.

एक आक्षेप मात्र असा आहे ज्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. आई किंवा बाप समोर असला की काही पोरं खरंच बिचकतात. हरण्याची भीती वाटत नाही, हरल्यावर आईचा चेहरा कसा होईल याची वाटते. असं असेल तर पोराला विचारावं. त्याने "येऊ नको" म्हटलं तर त्याचं ऐकावं, हॉलच्या मागच्या रांगेत बसावं किंवा बाहेर चहाच्या टपरीवर थांबावं. निर्णय त्या पोराचा. क्रीडाशिक्षकांनी सगळ्या पोरांच्या वतीने तो एकदाच घेऊन टाकू नये. आणि हेही तपासावं की पोरगं खरंच आईला बिचकतं की आईसमोर आपल्याला काही बोलता येत नाही म्हणून कोणी दुसरंच बिचकतं.

तेव्हा माझं उलट मागणं आहे. मॅटपासून दहा फुटांवर दोरी बांधा, आम्ही तिच्या अलीकडे बसू. दोरी ओलांडणाऱ्या किंवा डाव सांगणाऱ्या पालकाला पहिल्यांदा ताकीद द्या, दुसऱ्यांदा बाहेर काढा, तिसऱ्यांदा त्याच्या शाळेला कळवा. माझ्यावरही हाच नियम लावा. पंचांच्या निर्णयावरचा आक्षेप फक्त मार्गदर्शकाने घ्यायचा, पालकाने नाही. बदल्यात आम्हाला तीन गोष्टी हव्यात. प्रत्येक पोराची दोन कुस्त्यांमधली वेळ नोंदवणारा एक माणूस आणि एक घड्याळ मॅटपाशी असावं. स्पर्धा सुरू होण्यापासून संपेपर्यंत डॉक्टर हॉलमध्ये असावा, उद्घाटनाच्या फोटोपुरता नाही. आणि वजनाच्या वेळी मुलांच्या खोलीत एक पालक, मुलींच्या खोलीत महिला अधिकाऱ्यांसोबत एक आई, चिठ्ठी टाकून निवडलेली. तिला बोलायचा अधिकार नको. काट्यावरचा आकडा आणि काट्यावर उभ्या असलेल्या पोरीचे ओठ, एवढं तिने पाहावं आणि वजनाच्या कागदावर सही करावी.

ओठ कोरडे पडले असतील तर सही करायची नाही, आणि डॉक्टरला बोलवायचं.